मुंबई ते लंडन : अंतर किती आणि वेळ किती?



पूर्वी वाटेत भेटलेल्या माणसाला ‘अमुक गाव किती लांब आहे?’ असे विचारले, तर तो कोसांतच उत्तर देईल असा नेम नसे. ‘आता निघालात तर दिवेलागणीला पोचाल,’ असे तो सांगे. वाटेत घाट आहे, ओढ्याला पाणी आहे, गाडीचे बैल थकलेले आहेत, हे सारे त्या एका उत्तरात त्याने जमेस धरलेले असे. पुढे सडका झाल्या, मैलांचे दगड आले, आगगाडीची वेळापत्रके आली आणि अंतर ही एक कायमची ठरलेली गोष्ट आहे, त्याला वेगाने भागले की वेळ निघतो, अशी आपल्या मनाची घडण झाली. शाळेतल्या गणितांनी ती पक्की केली. विमानाच्या प्रवासाने मात्र आपल्याला पुन्हा त्या जुन्या वाटसरूजवळ नेऊन सोडले आहे. ते कसे, हे आज आम्हांस सांगावयाचे आहे.

विषय कोरडा वाटेल. पण तो तसा नाही. या मंडपात बसलेल्यांपैकी पुष्कळांच्या घरचा मुलगा, मुलगी, भाचा किंवा पुतणी आज परदेशी आहे. केव्हातरी अपरात्री त्यांना फोन करण्याची वेळ येते. आजारी माणसाच्या उशाशी बसलेले कोणी विचारते, ‘तो कधीपर्यंत पोचेल?’ मग घरातला एखादा हुशार मुलगा लंडन ते मुंबई अंतर शोधून काढतो : ७,२१० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९००. भागाकार करून तो सांगतो, ‘आठ तास.’ आठाचे बारा होतात, बाराचे अठरा होतात, दाराकडे लागलेले डोळे थकतात आणि सगळ्यांचा राग त्या येणाऱ्या मुलावर निघतो. वस्तुतः चूक त्या मुलाची नसते, विमानाचीही नसते. चूक त्या भागाकाराची असते. त्यात कोणकोणत्या गोष्टी धरायच्या राहिल्या, हे एकेक करून पाहू. त्यासाठी आम्ही मुंबई आणि लंडन ही दोन विमानतळांची जोडी घेतली आहे. कारण आपल्या लोकांची ही सर्वांत जुन्या ओळखीची परदेशवाट आहे.

प्रथम तो ७,२१० चा आकडा कुठून आला ते पाहू. आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जगाचा जो नकाशा असतो तो मर्केटरने १५६९ साली घालून दिलेल्या पद्धतीचा, भिंतीवर टांगायचा नकाशा होय. त्यावर मुंबई आणि लंडन यांना जोडणारी रेघ पट्टीने ओढली, तर ती अरबी समुद्र ओलांडून होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या बाजूने, बगदादजवळून, तुर्कस्तानावरून आणि बाल्कन देशांवरून लंडनला जाते. ही रेघ सरळ दिसते, म्हणून ती सर्वांत जवळची असे आपण धरून चालतो. आता घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर त्यावर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरे लंडनवर, आणि दोरा ताणा. ताणलेला दोरा नेहमी सर्वांत आखूड वाटेने बसतो. तो बगदादकडे फिरकणारसुद्धा नाही. तो मुंबईहून निघून सौराष्ट्रावरून कराचीजवळ जाईल, बलुचिस्तान आणि पूर्व इराण ओलांडील, कास्पियन समुद्राच्या नैर्ऋत्य कोपऱ्याशी येईल, कॉकेशस पर्वत आणि काळा समुद्र यांच्यावरून क्रिमिया व दक्षिण युक्रेन गाठील आणि पोलंड, जर्मनीवरून लंडनला उतरेल. भिंतीवरच्या नकाशातली सरळ रेघ मोजली तर ती सुमारे ७,४१० किलोमीटर भरते. दोऱ्याची वाट सुमारे ७,२१०. म्हणजे जी वाट नकाशावर वाकडी दिसते ती दोनशे किलोमीटरांनी जवळची आहे.

दोऱ्याच्या या वाटेला भूगोलात बृहद्वृत्ताची वाट म्हणतात. पृथ्वीच्या मध्यातून जाईल असा काप घेतला की पृष्ठभागावर जे मोठ्यात मोठे वर्तुळ उमटते ते बृहद्वृत्त. कोणत्याही दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट अशाच वर्तुळाचा तुकडा असते. तिची लांबी काढण्याची रीतही समजण्यासारखी आहे. पृथ्वीच्या केंद्रात उभे राहून एक हात मुंबईकडे आणि दुसरा लंडनकडे केला, तर दोन हातांमध्ये किती अंशांचा कोन होईल, एवढेच काढावयाचे असते. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घालून गोलीय त्रिकोणमितीने तो कोन ६४.८६ अंश येतो. पृष्ठभागावर एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर, गुणाकार केला की ७,२१२ येतात. खलाशी आणि वैमानिक हाच हिशेब सागरी मैलांत करतात, आणि त्यांची सोय अशी की एक अंश म्हणजे ६० सागरी मैल. तेव्हा उत्तर ३,८९० सागरी मैल. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्याने यात थोडा फरक पडतो, पण तो आपल्या कामाचा नाही. विमान अकरा किलोमीटर उंचीवरून जाते म्हणून वाट फार लांबत असेल अशीही काहींची समजूत असते. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे. तिच्यापुढे अकरा म्हणजे काहीच नव्हे. तेवढ्याने सबंध प्रवासात बारा-तेरा किलोमीटर वाढतात.

या वाटेची एक गंमत सांगण्याजोगी आहे. लंडन उत्तरेला आहे आणि मुंबई त्याच्या बत्तीस अंश दक्षिणेला. तेव्हा लंडनहून मुंबईस निघालेल्या विमानाने आग्नेयेकडे तोंड करावे, असे कोणीही म्हणेल. पण हिशेब करून पाहिला तर बृहद्वृत्ताच्या वाटेने निघणाऱ्या विमानाचे तोंड अर्ध्या अंशाच्या फरकाने बरोबर पूर्वेकडे असते! आणि न वळता, सरळ नाकासमोर जात ते दक्षिणेतल्या मुंबईला येऊन पोचते. हे कसे? तेलाच्या घाण्याचा बैल आठवा. तो घाण्याभोवती फिरतो तेव्हा दर पावलाला थोडा आत वळत असतो; म्हणूनच तो त्या रिंगणात राहतो. जू सोडून त्याला नाकासमोर जाऊ दिले, तर तो रिंगण सोडून बाहेर जाईल. लंडनचे अक्षवृत्त हे उत्तर ध्रुवाभोवतीचे असेच एक रिंगण आहे. त्याच्यावरून चालायचे तर सतत डावीकडे, ध्रुवाच्या बाजूला, वळत राहिले पाहिजे. जो वळत नाही, सरळ जातो, तो रिंगणाबाहेर म्हणजे दक्षिणेकडे येतो. विमान वाकडे जात नाही, अक्षवृत्त वाकडे आहे; आणि भिंतीवरचा नकाशा आपल्याला ते सरळ करून दाखवतो, एवढाच त्याचा अपराध.

येथवर आपण निसर्गाने दिलेले अंतर पाहिले. पण त्या दोऱ्याच्या वाटेवरची नावे पुन्हा एकदा आठवा : कराची, बलुचिस्तान, इराण, क्रिमिया, युक्रेन. वृत्तपत्र वाचणाऱ्या माणसाला ही नावे वेगळ्याच कारणाने ठाऊक आहेत. आकाश मोकळे असते ही कवींची समजूत. कायद्याने ते मोकळे नाही. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला त्याच्या पहिल्याच कलमात प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण आणि अनन्य स्वामित्व मान्य केलेले आहे. वरून जाऊ द्यायचे की नाही, हे खालचा देश ठरवतो. जाऊ दिले तर त्याची पट्टीही घेतो. जुन्या काळी नाक्यावर जकात असे, तसाच हा प्रकार.

कराचीचे नाव येथे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. कारण लंडन-मुंबई हवाई टपालाची पहिली वाट तिथूनच गेली होती. ३० मार्च १९२९ रोजी ब्रिटिशांच्या इंपीरियल एअरवेज या कंपनीने लंडन ते कराची अशी टपालाची व उतारूंची सेवा सुरू केली. त्या प्रवासाला सात दिवस लागत, आणि सारा प्रवास हवेतून होतच नसे. लंडनजवळच्या क्रॉयडनहून विमानाने बाझेल, तिथून आगगाडीने जिनोआ, तिथून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने भूमध्य समुद्र ओलांडून अलेक्झांड्रिया, आणि मग पुन्हा जमिनीवरच्या विमानाने कराची, असा तो क्रम होता. कराचीपर्यंत आलेले टपाल पुढे मुंबईस हवेतून आणण्याचे काम १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सुरू झाले. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा स्वतः एका इंजिनाचे लहानसे पुस मॉथ विमान चालवीत कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर उतरले. भारतीय नागरी विमानवाहतुकीचा जन्म असा त्या दोऱ्याच्या वाटेवर झाला आहे.

पंधरा वर्षांनी देश स्वतंत्र झाला आणि विभागला गेला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले ते कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत. हे टप्पे सरळ मोजून बेरीज केली तर ७,९०० किलोमीटरांच्या वर जाते, म्हणजे दोऱ्याच्या वाटेपेक्षा सुमारे सातशे अधिक. त्या काळच्या कॉन्स्टेलेशन विमानाचा वेग ताशी पाचशे किलोमीटरांच्या आसपास होता आणि वाटेत इंधन घेणे भाग होते, हे तेव्हाचे कारण. पण कारणे बदलली तरी वाटेवरच्या अडचणी काही संपल्या नाहीत. २०१९ साली २७ फेब्रुवारीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश भारताकडून जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांना बहुतांशी बंद राहिले. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा मनाई केली, ३० एप्रिलला भारतानेही तशीच मनाई केली, आणि दोन्हीकडून तिची मुदत महिन्या-महिन्याने वाढत गेली. त्याच वर्षी १३ जूनला इराण-इस्राएल युद्ध पेटताच इराणचे आणि शेजारचे इराकचे आकाश काही दिवस रिकामे झाले.

याने मुंबई-लंडन अंतरात किती भर पडते, याचा साधा अदमास करता येतो. मुंबईहून समुद्रावरून मस्कत गाठायचे आणि तिथून सरळ लंडनला जायचे, असे धरले तर वाट सुमारे ७,४२० किलोमीटर होते; म्हणजे दोनशेच्या थोडी वर भर, उड्डाणाचा पाव तास. पण मस्कतहून लंडनला जाणारी सरळ वाटही इराण-इराकवरून जाते. ती बंद झाली आणि अरबस्तान ओलांडून कैरोवरून जावे लागले, तर बेरीज ७,८८० वर जाते. पाऊण तास वाढला. गंमत पाहा, की १९४८ साली इंधनासाठी घेतलेली कैरोची वाट पाऊणशे वर्षांनी भांडणांसाठी पुन्हा कामास आली! मुंबईचे नशीब त्यातल्या त्यात बरे, कारण आपल्यापुढे समुद्र मोकळा आहे. दिल्लीहून पश्चिमेस जाणाऱ्या विमानाला आधी दक्षिणेकडे उतरून मग समुद्र गाठावा लागतो, त्यामुळे त्याचे नुकसान अधिक होते. शिवाय मनाई ‘भारतीय विमानांना’ असल्यामुळे असेही घडू शकते, की एकाच विमानतळावरून, एकाच रात्री, एकाच शहराकडे निघालेल्या दोन विमानांना दोन वेगळी अंतरे कापावी लागतात. केवळ त्यांच्या शेपटीवरचे चिन्ह वेगळे म्हणून.

असे प्रकार केवळ आपल्याच वाट्याला आले असे नव्हे. हेल्सिंकी ते टोकिओ हा प्रवास रशियावरून साडेनऊ तासांच्या आसपास होत असे. २०२२ साली रशियाने युरोपीय कंपन्यांना आपले आकाश बंद केले, तेव्हा फिनलंडच्या विमानांना उत्तर ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला आणि प्रवास तेरा तासांवर गेला. पृथ्वी होती तेवढीच राहिली. हेल्सिंकी आणि टोकिओ मात्र एकमेकांपासून साडेतीन तास दूर गेली.

याच्या नेमके उलट उदाहरणही इतिहासात आहे. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा उघडला, तेव्हा केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या आगबोटींची लंडन-मुंबई वाट चार हजारांहून अधिक सागरी मैलांनी आखूड झाली. माणसाने दूरचे जवळ आणले, आणि जवळचे दूरही त्यानेच केले. तेव्हा अंतराच्या आकड्यात भूगोल जितका असतो तितकाच इतिहासही असतो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता वेळेकडे वळू. वाट एकच धरली तरी जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा नसतो. वेळापत्रकात लंडनहून मुंबईस येण्यास साधारण नऊ तास लावलेले दिसतील, तर मुंबईहून लंडनला जाण्यास साधारण दहा. येथे एक शंका हमखास विचारली जाते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग वर गेलेल्या विमानाखालून ती सरकत असणार, आणि पश्चिमेकडचे गाव आपण होऊनच जवळ येत असणार. तर पश्चिमेचा प्रवास लवकर व्हायला हवा, उशिरा कसा? शंका चांगली आहे. पण तिच्यात एक गोष्ट सुटते. पृथ्वीबरोबर तिच्यावरची हवाही फिरत असते. धावत्या आगगाडीच्या डब्यात एखादे पोर लिंबू वर उडवते, तेव्हा ते त्याच्याच हातात पडते, मागच्या बाकावर पडत नाही. तसेच हे आहे. विमान हवेत पोहत असते, आणि हवा पृथ्वीच्या सोबत असते.

फरक पडतो तो वाऱ्याने. विषुववृत्ताकडची हवा तापलेली आणि ध्रुवाकडची थंड. या तफावतीमुळे उंचावर हवा ध्रुवाकडे जाऊ पाहते. पण पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती वाटेत पूर्वेकडे वळते. परिणामी मध्य अक्षांशांवर, विमाने जिथून उडतात नेमक्या त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे अरुंद आणि प्रबळ पाट तयार होतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्यांचा वेग ताशी शंभर-दीडशे किलोमीटर असणे ही नित्याची बाब, आणि हिवाळ्यात तो दोनशेच्या वरही जातो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० नंतरच्या वर्षांत फुगे सोडून हे वारे मोजले होते. आपला शोध जगाने वाचावा म्हणून त्यांनी तो एस्पेरांतो या जागतिक म्हणून रचलेल्या भाषेत प्रसिद्ध केला. परिणाम असा झाला की तो फारसा कोणी वाचलाच नाही. १९४४ साली अमेरिकेची बॉम्बफेकी विमाने जपानवर फार उंचीवरून जाऊ लागली, तेव्हा या वाऱ्याशी त्यांची प्रत्यक्ष गाठ पडली.

वाऱ्याचा हिशेब घरी करून पाहण्यासारखा आहे. वाट ७,२०० किलोमीटर आणि विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० धरा. वारा नसेल तर जायला आठ तास, यायला आठ तास, एकूण सोळा. आता सबंध वाटेवर ताशी शंभर किलोमीटरचा वारा धरा. पाठीशी घेऊन येताना वेग हजार होतो. ७ तास १२ मिनिटांत काम झाले. समोर घेऊन जाताना वेग आठशे. पुरे ९ तास लागले. बेरीज १६ तास १२ मिनिटे. म्हणजे येताना जे मिळाले ते जाताना गमावलेल्याची भरपाई करीत नाही. कारण प्रतिकूल वाऱ्यात आपण अधिक काळ राहतो. आयुष्यातल्या चांगल्या-वाईट दिवसांबद्दल वडीलधारी माणसे असेच काहीसे सांगतात. येथे त्याचे गणितच हाती आले.

वारा अनुकूल असेल तर लांबची वाट लवकर संपते, याचेही एक ठळक उदाहरण आपल्याच देशाचे आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे विमान पूर्वी युरोप आणि अटलांटिक महासागरावरून, म्हणजे पश्चिमेकडे, जात असे. त्या वाटेने सुमारे १३,९०० किलोमीटर पडत. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने तेच विमान उलट दिशेने, पॅसिफिकवरून नेले. अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर झाले, म्हणजे चौदाशे किलोमीटरांनी वाढले. पण वारा पाठीशी मिळाल्यामुळे विमान साडेचौदा तासांत पोचले, आणि जुन्या वाटेच्या मानाने सुमारे दोन तास वाचले. पृथ्वी गोल आहे हे आपण शाळेत पाठ केले होते. येथे ते एका वेळापत्रकात उपयोगी पडले.

मग विमानाचा वेगच का वाढवीत नाहीत, असे कोणी म्हणेल. १९६० साली एअर इंडियाकडे बोइंग ७०७ ही जेट विमाने आली, तेव्हापासून आजवर उतारू विमानाचा वेग ताशी नऊशेच्या आसपासच आहे. ध्वनीच्या वेगाजवळ जाऊ लागले की हवेचा विरोध एकाएकी वाढतो आणि इंधनाचा खर्च परवडेनासा होतो. काँकॉर्ड विमानाने १९७६ पासून २००३ पर्यंत ध्वनीहून दुप्पट वेगाने उतारू नेले. लंडन ते न्यूयॉर्क साडेतीन तासांत. शेवटी खर्चाचा मेळ बसेना म्हणून ते थांबले. त्यामुळे १९६० नंतर मुंबई-लंडन प्रवासाचा जो वेळ वाचला तो वेगाने नव्हे, मधले थांबे गेल्याने. एस.टी.ची साधी गाडी आणि विनाथांबा गाडी यांत जो भेद, तोच येथे.

आता घड्याळाची फसवणूक. मुंबईहून पहाटे दोनला निघालेले विमान दहा तासांनी लंडनला उतरते, तेव्हा हिवाळ्यात तिथे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. जणू साडेचार तासच लागले. लंडनहून रात्री साडेनऊला निघालेले विमान नऊ तासांनी मुंबईला येते, तेव्हा आपल्याकडे दुपारचे बारा; जणू साडेचौदा तास लागले. पंचांगातला देशांतर-संस्कार ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे नवे नाही. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटे, हा त्याचा नियम. मुंबईचा रेखांश सुमारे ७२.८७, चाराने गुणा, ४ तास ५१ मिनिटे येतात. हाच तो जुना ‘मुंबई टाइम’. १९०६ साली साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपले घड्याळ १९५५ पर्यंत टिकवून धरले होते. तिकिटावर निघण्याची आणि पोचण्याची वेळ त्या त्या गावची असते. तेव्हा वजाबाकी करताना हा साडेपाच तासांचा, आणि लंडनच्या उन्हाळ्यात साडेचार तासांचा, फरक धरलाच पाहिजे. एक सोपी युक्ती सांगतो. जाण्याचे दिसणारे तास आणि येण्याचे दिसणारे तास यांची बेरीज करा : साडेचार आणि साडेचौदा, एकोणीस. खरे तास दहा आणि नऊ, तेही एकोणीस. येण्याजाण्याच्या बेरजेत घड्याळाचे खोटे आपोआप फिटते.

आणखी एक गोष्ट. वेळापत्रकातला वेळ हा हवेतला वेळ नसतो. विमानाच्या चाकांखालची अडसर काढली, तेव्हापासून ती पुन्हा लागेपर्यंतचा तो वेळ असतो. धावपट्टीपर्यंत रांगेने सरकणे, उतरण्याची पाळी येईपर्यंत आकाशात घिरट्या घालणे, हे त्यात आले. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणून दोन्हींचा एकाच वेळी मोकळेपणाने उपयोग करता येत नाही. चौकात गाड्या थांबतात तशी तिथे विमाने थांबतात.

तेव्हा आरंभीच्या त्या घरातला हिशेब पुन्हा नीट मांडू. तिकीट मिळाले असे समजू. लंडनमधल्या घरापासून विमानतळापर्यंत दीड तास. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोचावयाचे, ते तीन. वेळापत्रकाचे नऊ. मुंबईला पारपत्र तपासणी आणि सामान यांत दीड. तिथून आपल्या गावापर्यंत मोटारीचे चार तास. बेरीज एकोणीस. त्यात विमान प्रत्यक्ष हवेत असते ते साडेआठ तासांच्या आसपास. उरलेले साडेदहा तास जमिनीवर जातात. त्यातून वाटेतला एखादा देश आकाश मिटून बसला असेल, वारा उलटा असेल, किंवा सरळ विमान न मिळता मध्ये बदलावे लागले, तर आणखी. यात त्या मुलाने केलेला उशीर एक मिनिटाचाही नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की असा प्रसंग आला तर ‘किती किलोमीटर?’ हा प्रश्न बाजूस ठेवावा. कोणत्या दिशेने, कोणत्या कंपनीच्या विमानाने, मध्ये थांबा आहे की नाही, आणि दारापासून दारापर्यंत किती, हे विचारावे. येणाऱ्याला दर तासाला फोन करून ‘कुठे आहेस?’ म्हणू नये. तो हवेत असेल तर त्याच्या हाती काही नसते. आणि उशाशी बसलेल्या माणसाला आठ तास सांगून आशा लावण्यापेक्षा, एकोणीस सांगून धीर द्यावा. उद्या येईल म्हटलेला आज आला तर आनंदच आहे. आज येईल म्हटलेला उद्या आला, तर मधली रात्र फार मोठी होते.

७,२१० हा आकडा खोटा नाही. पृथ्वीच्या पाठीवर ताणलेल्या दोऱ्याची ती खरी लांबी आहे, आणि ती कोणालाही वाढवता येणार नाही. पण त्या दोऱ्यावर वारा आहे, घड्याळे आहेत, रांगा आहेत, आणि कराचीपासून युक्रेनपर्यंत माणसांची भांडणे आहेत. ज्या वाटेने १९३२ साली टपालाच्या थैल्या घेऊन एक लहानसे विमान मुंबईला आले, ती वाट आजही सर्वांत जवळची आहे. ती उघडी असणे किंवा नसणे हे गणिताच्या हाती नाही. वाटेत भेटलेला तो जुना माणूस कोस न सांगता घाट, ओढा आणि बैल पाहून उत्तर देत असे; आपणही तसेच उत्तर द्यायला शिकावे, हे बरे.